कारखान्याची वाफ आणि घरची वैल



गळीत हंगाम चालू असताना बॉयलिंग हाऊस बघायला पाहुणे आले की एक प्रश्न हमखास विचारतात. एवढ्या रसातलं पाणी आटवायचं, तर जळण किती लागत असेल? आम्ही सांगतो, बाहेरचं जळण लागत नाही, उसाचं स्वतःचं बगॅस पुरतं, वर थोडं उरतंही. पाहुणे मान डोलावून पुढं जातात. पण हे जमतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. त्यात घरच्या चुलीचा धडा आहे. तो धडा आम्ही सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर नेऊन करून पाहिला. त्याची हकिकत पुढे येईलच, आधी कारखान्याचा हिशोब मांडू.

शंभर किलो ऊस गाळला की, गाळताना घातलेलं पाणी धरून, जवळजवळ तेवढाच पातळ रस निघतो. त्यात विरघळलेला भाग शंभरात पंधराच्या आसपास, बाकी पाणी. त्याचा साठ ब्रिक्सचा घट्ट सिरप करायचा, तर शंभर किलो रसातलं पंचाहत्तर किलो पाणी उडवावं लागतं. आता पाणी तापवणं वेगळं आणि पाण्याची वाफ करणं वेगळं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक उष्मांक, म्हणजे एक किलोकॅलरी लागते. पंचवीस अंशाचं पाणी उकळीला आणायला पंचाहत्तर. पण त्याच उकळत्या लिटरची सगळी वाफ करायला लागतात पाचशे चाळीस! सातपटीहून जास्त. आणि इतकं जाळूनही पाणी शंभर अंशावरच राहतं, एका अंशानेही जास्त तापत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

उघड्या कढईत पंचाहत्तर किलो पाणी उडवायचं तर वाफ साधारण तेवढीच खर्ची पडणार. एक किलो ओल्या बगॅसवर बॉयलरात दोन-सव्वादोन किलो वाफ निघते असं धरलं, तर चौतीस-पस्तीस किलो बगॅस लागेल. शंभर किलो उसाला बगॅस मिळतं अठ्ठावीस-तीस किलो. म्हणजे नुसता रस आटवण्यातच सगळं बगॅस संपून वर उसनवारी! मग गिरण्या कशावर फिरवायच्या?

ही अडचण सोडवली नॉर्बर्ट रिल्यू या माणसाने. १८०६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सला त्याचा जन्म. आई कृष्णवर्णी, बाप गोरा. शिक्षण पॅरिसला झालं. त्या काळी तिकडच्या मळ्यांवर रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत, आणि एका कढईतला उकळता रस दुसरीत ओतायचं काम गुलामांच्या गळ्यात असे. भाजण्या-पोळण्याला सुमार नव्हता. रिल्यूने १८४३ आणि १८४६ साली पेटंट घेतली. त्याची युक्ती अशी की, पहिल्या बंद भांड्यातल्या रसाची जी वाफ होते ती आभाळात सोडायची नाही, दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत सोडायची. दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवला की तिथला रस कमी तपमानावर उकळतो, म्हणून पहिल्याची वाफ त्याला पुरते. दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. आपल्याकडे इव्हॅपोरेटरच्या चार बॉडी ओळीने उभ्या दिसतात, त्या याच. एक किलो वाफ बॉयलरातून घ्यायची आणि हिशोबाने चार किलोच्या आसपास पाणी उडवायचं. प्रत्यक्षात थोडं कमी होतं, पण कारखाना उभा आहे तो या जोरावर.

आता आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात चला. मातीची चूल आठवा. पुढं मोठं तोंड, त्यावर तवा किंवा पातेलं. बाजूला लहान भोक, ती वैल. कुणी तिला औल म्हणतात. मोठ्या तोंडाखालचा जाळ पुढं सरकून वैलीत जातो, आणि तिथं कालवण मंद शिजत राहतं, नाहीतर हातपाय धुवायचं पाणी तापतं. जाळ एकच, काम दोन. रिल्यूच्या चार बॉड्यांचं मूळ सूत्र याहून वेगळं नाही. आमच्या आयाबायांनी पेटंट घेतलं नाही इतकंच.

वैल घरोघरची मोडली. गॅसची शेगडी आली आणि चूल परसात गेली. परसात ती तीन दगडांची झाली. तीन दगडांना वैल नसते, आणि वारा चारी बाजूंनी जाळ पळवतो. लाकडातल्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा, फार तर सातवा-आठवा, भांड्यात जातो. बाकी वाऱ्यावर. सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ साली बंद झाला. पुष्कळ चुली बसवल्या गेल्या, पुष्कळ फुटल्या, धुराडी काजळीने बुजली आणि कुणी साफ केली नाहीत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि टाकी डोंगरातल्या घरापर्यंत पोचली. टाकी आहे, पण ती भरून आणायला रोकड लागते, आणि पावसाळ्यात कामधंदा नसताना रोकड नसते. म्हणून चहा गॅसवर आणि भात चुलीवर, असा सुरगाण्याकडचा सरसकट रिवाज आम्हाला दिसला.

सुरगाणाच का, असं कुणी विचारेल. तिकडे ऊस नाही, कारखाना नाही. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही तिथली पिकं. पण दिवाळी सरली की त्याच डोंगरातली कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला उतरतात, द्राक्षबागांवर येतात. आपण खातो त्या साखरेतला पहिला घाम त्यांचा. तोडणीवरची बाई पहाटे काळोखात उठते, तीन दगडांवर स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या बांधते आणि अंधार पडल्यावर पुन्हा त्याच दगडांपुढं बसते. तिचा तासभर वाचेल असं काही कमी पैशात करता येईल का, हे आम्हाला पाहायचं होतं. आणि यंत्र विकत आणून द्यायचं नाही, हेही ठरवलं होतं. घरात आहे त्यातूनच करायचं.

आता वरचं वाक्य पुन्हा आठवा. भात उकळीला आला, की त्याखाली कितीही जाळ घाला, तो शंभर अंशाच्या वर जात नाही. तांदूळ शिजायला जाळ लागत नाही, ऊब लागते. उकळीनंतर आपण जे लाकूड घालतो ते फक्त भांड्यातून निसटणारी ऊब भरून काढायला. झाकण नसेल तर वाफ पळते, आणि वाफेचा दर आपण पाहिलाच. पाव लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर एकशे पस्तीस उष्मांक गेले. तेवढ्यात जवळजवळ दोन लिटर पाणी नव्याने उकळलं असतं. तेव्हा ऊब निसटूच दिली नाही, तर उकळीनंतर चूल विझवता येईल. नव्हे, विझवावीच.

याला उबपेटी म्हणा, गवताची पेटी म्हणा. युक्ती जुनी आहे. नॉर्वेच्या एका कारागिराची असली पेटी १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये इंधन वाचवायला घरोघरी गवताच्या पेट्या वापरत. दक्षिण आफ्रिकेत २००८ साली वंडरबॅग नावाने हीच वस्तू कापडी गाठोड्याच्या रूपात निघाली. आपण तीच बांबूच्या टोपलीत करायची.

सामान असं. मोठी बांबूची टोपली, पातेलं आत ठेवून चारी बाजूंनी निदान चार इंच जागा उरेल एवढी. सुरगाण्याकडे बांबूकाम घरचंच, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. भाताचा वाळलेला पेंढा. जुनी गोधडी किंवा दोन फाटकी लुगडी. एक जुना पोत्याचा तुकडा. घट्ट झाकणाचं पातेलं, शक्यतो लांब दांडा नसलेलं. तळाशी पेंढा चांगला दाबून चार-पाच इंच भरा. मधे पातेलं ठेवून भोवती पेंढा ठासा, म्हणजे पातेल्याच्या मापाचं घरटं तयार होईल. पातेलं काढून घरट्याला आतून लुगड्याचं अस्तर द्या, नाहीतर पेंढ्याची कुसळं भातात जातात. वरून झाकायला गोधडीची पेंढा भरलेली जाड उशी शिवा. उशी पातेल्याच्या झाकणावर घट्ट बसली पाहिजे. ऊब वरूनच जास्त पळते, आणि शिवताना कंटाळा केला जातो तो नेमका उशीचाच.

आमची पहिली पेटी साफ फसली, हे सांगायला लाज नाही. दिवस श्रावणाचे. सुरगाण्याचा पाऊस माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. पडवीतला पेंढा हाताला कोरडा लागला, पण आत दमट होता. तासाभराने पातेलं काढलं तर भात बाहेरून मऊ, मधे कच्चा, आणि पेंढ्यातून कोमट वाफ येत होती. म्हणजे आमची सगळी ऊब पेंढ्यातलं पाणी उडवण्यात गेली! पाड्यावरच्या एका आजींनी तो भात गुपचूप पुन्हा चुलीवर चढवला, आणि पेंढ्याऐवजी भाताचा तूस घालून का बघत नाही, असं विचारलं. तूस त्यांच्या घरी चुलीजवळच्या कणगीत होता, खडखडीत वाळलेला. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून त्यात तूस भरला आणि टोपलीत लावला. दुसऱ्या दिवशीचा भात मोकळा झाला. शिकवायला गेलो आम्ही आणि शिकून आलो. पावसाळी मुलखात पेंढ्यापेक्षा पिशवीबंद तूस बरा, उन्हात टाकून पुन्हा वाळवताही येतो.

वेळेचा अंदाज असा. तांदळाला उकळी आली की पाच मिनिटं जाळ द्या आणि पेटीत ठेवा, पाऊण ते एक तासात भात होतो. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, कारण ते उडून जात नाही. साधारण चौथाई कमी करून बघा, मग आपल्या तांदळाप्रमाणे ठरवा. तूरडाळ तासभर भिजवून दहा-पंधरा मिनिटं उकळवली की पेटीत दोन तास. अख्खे उडीद, कुळीथ, हरभरा रात्रभर भिजवलेलेच हवेत, पंधरा-वीस मिनिटं खळखळून उकळा आणि तीन तास विसरा. राजमा कधी केलात तर निदान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय पेटीत ठेवू नका, अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट बिघडतं. भाकरी मात्र पेटीत होत नाही. नागलीची भाकरी तव्यावरच होणार, तेव्हा चूल पेटवायचीच आहे. आधी भात-डाळ उकळून पेटीत ठेवा, मग त्याच जाळावर भाकऱ्या थापा. जेवायला बसेपर्यंत सगळं एका वेळी गरम.

पातेलं निदान दोन-तृतीयांश भरलेलं असावं. मूठभर भाताला ही पेटी नाही, थोडं अन्न लवकर निवतं. मधे उघडून बघायचा मोह आवरा, एकदा उशी उचलली की गेलेली वाफ परत येत नाही. पातेल्याच्या बुडाला निखारा किंवा पेटती काजळी चिकटलेली असते, म्हणून ते आधी जमिनीवर टेकवून, ओल्या फडक्याने बूड पुसून मगच पोत्याच्या तुकड्यावर ठेवा. पेंढ्याला आग लागायला एक ठिणगी पुरते. आणि अन्न पेटीत रात्रभर ठेवून सकाळी खाऊ नका. साठ अंशांच्या खाली उतरलं की त्यात जंतू वाढायला लागतात. पेटी चांगली झाली का, हे पाहायचं तर उकळत्या पाण्याचं भरलेलं पातेलं तीन-चार तास ठेवा. काढल्यावर त्याला बाहेरून हात धरवत नसेल तर पेटी पास.

आता तोडणीच्या अड्ड्यावर या. तिथं पेंढाही नाही आणि तूसही नाही. पण पाचट आहे, डोंगराएवढं! हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. वाळलेलं पाचट चुलीत घातलं तर भडकन पेटतं आणि भात उकळायच्या आत विझतं, सारखं भरत बसावं लागतं. तेच पाचट चांगलं वाळवून, हाताने चुरून, खताच्या रिकाम्या पोत्यात नव्हे तर धुतलेल्या धान्याच्या पोत्यात भरलं आणि टोपलीला अस्तर केलं, तर हंगामभर चालतं. पहाटे उकळी आणून ठेवलेली डाळ न्याहारीला तयार. मुकादमांनी टोळीमागे दोन-तीन टोपल्यांची सोय केली तर खर्च नावालाच. पाचट शेतातच कुजवावं, जाळू नये, हे आपल्या शेतकी खात्याचं सांगणं योग्यच आहे, आणि टोपलीभर पाचटाने जमिनीचं काही बिघडत नाही.

पाचटाचा आणखी एक उपयोग पुण्यात झाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली सुरू झालेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, म्हणजे आरतीने, पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची रीत बसवली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचं अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. त्याच संस्थेचा सराई कुकर पाहण्यासारखा आहे. खाली शंभर ग्रॅमच्या आसपास कोळसा, वर एकावर एक डबे, बाहेरून मोठं भांडं. पाण्याची वाफ डब्यांभोवती कोंडते आणि पाच माणसांचं वरण-भात-भाजी होते. जुन्या वाचकांना यात इकमिक कुकर दिसेल. तो १९१० साली बंगालच्या डॉ. इंदुमाधव मलिक यांनी काढला होता. पुष्कळांच्या माळ्यावर इकमिकचे डबे अजून पडून असतील. ते भंगारात देऊ नका, उबपेटीत तंतोतंत बसतात. एक सावधगिरी मात्र घ्यायची. कोळशाला धूर नसतो म्हणून तो बंद खोलीत पेटवू नका. न दिसणारा, न वास येणारा विषारी वायू निघतो. दार-खिडकी उघडीच हवी.

ओल्या लाकडाचं तेच गणित. किलोभर लाकडात पाव किलो पाणी असलं, तर ते तापवून उडवण्यात दीडशेवर उष्मांक चुलीतच जातात, आणि थंड झालेला जाळ धूर ओकतो. सुरगाण्याच्या जुन्या घरांत चुलीच्या वर बांबूचा माळा बांधलेला असतो. त्यावर पुढच्या आठवड्याचं सरपण वाळतं, शेजारी बियाण्याची कणसं टांगतात, धुराने त्यांना कीड लागत नाही. नव्या पत्र्याच्या घरात हा माळा घातला जात नाही. घालावा, पण जाळापासून पुरेसा उंच.

एवढा वेळ वाफेला चोर म्हटलं. पण तिच्याकडून काम करून घ्यायची जागाही घरातच आहे, ती म्हणजे माठ. मातीतून पाणी झिरपतं, बाहेर उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. साध्या तपमानाला हा दर थोडा वाढतोच, लिटरला पाचशे ऐंशीच्या आसपास. दहा लिटरच्या माठातून पाव लिटर पाणी उडालं, तर हिशोबाने उरलेलं पाणी जवळजवळ पंधरा अंशांनी उतरायला हवं. बाहेरची ऊब आत येत राहते म्हणून तेवढं उतरत नाही, पण पुष्कळ उतरतं. उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून, मधल्या फटीत ओली वाळू भरून भाजी टिकवायची जुनी रीत गावोगाव पोचवली. त्याला २००० सालचं रोलेक्स पारितोषिक मिळालं. आपल्याकडेही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला आहे.

सुरगाण्यात हे पावसाळ्यात चालत नाही. हवाच ओली, पाणी उडणार कुठं? हिवाळा-उन्हाळ्यात चालतं. बोरगाव, घागबारीकडे स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांनी संध्याकाळी न विकलेल्या टोपल्या सकाळपर्यंत असल्या कुंडीत ठेवून बघाव्यात. तळाशी जाळीदार काठ्या घाला, फळ ओल्या मातीला टेकू नये. एप्रिल-मेमध्ये मात्र डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला वाळूत पाणी ओता असं सांगायला आमची जीभ धजली नाही. तेव्हा तिथं ठरलं ते असं की, भांडी विसळलेलं पाणी एका घागरीत निवू द्यायचं, वरचं नितळ पाणी वाळूवर, आणि खालचा गाळ दारातल्या कारल्याच्या वेलाला.